पडद्याची केबल आणि तिचे मालक: एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट यांचे परीक्षण

संगणक आणि पडदा जोडण्यासाठी आज नवी केबल घ्यायची झाली, तर निवड मुख्यतः दोन घराण्यांत करावी लागते: एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. यूएसबी-सीच्या केबलनेही मॉनिटर जोडता येतो, पण तिच्या आतून बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्टचाच संकेत जात असतो, त्यामुळे तिला तिसरे घराणे म्हणता येत नाही. या सर्व केबल मी रोजच्या कामात वापरतो. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालणारा संगणक, त्याला जोडलेला एक ४के मॉनिटर आणि १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारा, एक ४के टीव्ही अशी माझी मांडणी आहे. चित्राच्या सुबकतेवरून या दोहोंत डावे-उजवे करता येत नाही. रिझोल्यूशन, रीफ्रेश दर आणि रंगांची खोली सारखी असेल, तर दोन्ही केबलमधून येणारा प्रत्येक बिंदू सारखाच असतो. फरक पडतो तो मानकाचे नियम कोणाच्या हातात आहेत, ते कोणाला वाचता येतात आणि त्यांनुसार सॉफ्टवेअर लिहिण्याची मुभा कोणाला आहे यामुळे. हा फरक कागदोपत्री राहत नाही, तो वापरणाऱ्याच्या पडद्यापर्यंत येतो. म्हणून या परीक्षणात त्यालाच सर्वाधिक वजन दिले आहे.

आधी हाताला जाणवणाऱ्या गोष्टी पाहू. एचडीएमआयच्या नेहमीच्या प्लगमध्ये १९ पिना असतात आणि तो केवळ घर्षणावर सॉकेटमध्ये टिकतो. केबल जाड आणि ताठ असेल व भिंतीला लागून असलेल्या टीव्हीमागे लोंबत असेल, तर तिच्याच वजनाने प्लग हळूहळू तिरपा होतो आणि चित्र मधूनच जाते. डिस्प्लेपोर्टच्या २० पिनांच्या पूर्ण आकाराच्या प्लगला बहुधा दोन बारीक आकडे असतात. ते सॉकेटमध्ये अडकतात आणि प्लगवरचे बटण दाबल्याखेरीज सुटत नाहीत. ही सोय चांगली आहे. मात्र ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर पोर्ट एकमेकांना खेटून असतील तर ते बटण बोटाला सापडत नाही, आणि ते न दाबता केबल ओढली तर सॉकेटला इजा होण्याचा धोका असतो.

डिस्प्लेपोर्टच्या केबलबाबत एक गोष्ट खरेदीआधीच ठाऊक असायला हवी. तिची २० क्रमांकाची पिन ३.३ व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी राखलेली आहे. हा पुरवठा संगणकाच्या पोर्टवरही असतो आणि मॉनिटरच्या पोर्टवरही, आणि त्याचा उपयोग पोर्टला थेट लावलेल्या अडॅप्टरला वीज देण्यापुरता आहे. म्हणून साध्या केबलमध्ये ही पिन या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडायची नाही, असा मानकाचा नियम आहे. तरीही काही स्वस्त केबलमध्ये वीसच्या वीस पिना सरसकट जोडलेल्या असतात आणि मॉनिटरची वीज उलट दिशेने ग्राफिक्स कार्डात शिरते. अशी एक केबल माझ्या हाती आली होती. संगणक बंद केल्यावरही मदरबोर्डवरचा एक दिवा मंद पेटलेला राहायचा आणि पुन्हा सुरू करताना यंत्र मध्येच अडायचे. केबल काढून ठेवली की सारे सुरळीत. मल्टिमीटरची दोन टोके दोन्हीकडच्या २० व्या पिनेला लावताच तो वाजला आणि दोष कुठे आहे ते कळले. नियम स्पष्ट होता, पण त्याच्या तपासणीतून न जाताच माल बाजारात आला होता. डिस्प्लेपोर्टच्या व्यवस्थेतील ही खरी उणीव आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही.

मालकीचा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर आणलेला व्हीजीए हा एका कंपनीचा कनेक्टर इतरांनी उचलला आणि तोच सर्वांचा झाला. त्यापुढच्या रिझोल्यूशनांबाबत प्रत्येक कंपनीने आपापला मार्ग धरू नये म्हणून १९८९ मध्ये व्हेसा ही उद्योगसंस्था उभी राहिली. मॉनिटरने आपली माहिती संगणकाला कशी सांगावी हे ठरवणारी १२८ बाइटांची ईडीआयडी रचना याच संस्थेने १९९४ मध्ये दिली, आणि आज एचडीएमआयचे टीव्हीही आपली ओळख त्याच रचनेच्या विस्तारित रूपात सांगतात. मालकीच्या मानकाचा पाया असा सामायिक मानकावर उभा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९९९ मध्ये डीव्हीआय हे मॉनिटरला अंकीय संकेत देणारे मानक आले. त्याचा संकेत सिलिकॉन इमेज या कंपनीच्या तंत्रावर आधारलेला होता आणि ते घडवणाऱ्या गटात इंटेल, आयबीएम, एनईसी यांसारख्या कंपन्या होत्या. तो गट पुढे निष्क्रिय झाला आणि डीव्हीआय जिथल्या तिथे राहिले. २००२ च्या अखेरीस हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी त्याच संकेतावर ध्वनीची भर घालून एचडीएमआय आणले. या यादीत टीव्ही बनवणाऱ्यांचेच वजन अधिक आहे. एचडीएमआयची घडण दिवाणखान्यातल्या उपकरणांसाठी झाली, संगणकाला ते नंतर लागू पडले. डिस्प्लेपोर्टची पहिली आवृत्ती व्हेसाने २००६ मध्ये मंजूर केली, ती मात्र संगणकाचा मॉनिटर डोळ्यांसमोर ठेवून.

एचडीएमआयसाठी उत्पादकाला परवाना घ्यावा लागतो. मोठ्या उत्पादकाचे वार्षिक शुल्क १०,००० डॉलर आहे. त्यावर प्रत्येक नगामागे १५ सेंट रॉयल्टी आहे, जी बोधचिन्ह ठळकपणे छापल्यास ५ सेंटांवर आणि त्याबरोबर नक्कलरोधक एचडीसीपी बसवल्यास ४ सेंटांवर येते. कमी नग बनवणाऱ्यांसाठी ५,००० डॉलर वार्षिक आणि नगामागे १ डॉलर असाही पर्याय ठेवला आहे. मोठ्या कारखान्याला हे आकडे किरकोळ आहेत. थोडेच नग बनवणाऱ्या छोट्या गटाला ते दार बंद करणारे आहेत. तरीही माझी मुख्य तक्रार पैशांबद्दल नाही. शुल्क मोजून का होईना, जे मानक सर्वांना वाचता येते त्याच्यावर काम होऊ शकते. जे वाचताच येत नाही त्याचे काय करायचे?

आधीच्या काही आवृत्त्यांची स्पेसिफिकेशन सार्वजनिकरीत्या मिळत असत. २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ बाबत मात्र हे मानक घडवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, एचडीएमआय फोरमने, दार लावून घेतले आणि तिची स्पेसिफिकेशन करारबद्ध सदस्य व परवानाधारकांपुरती ठेवली. लिनक्सच्या कर्नलमधले, म्हणजे गाभ्यातले, ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्यातली ओळ न ओळ कोणालाही वाचता येते. गुप्त ठेवायच्या स्पेसिफिकेशननुसार लिहिलेला कोड असा उघड ठेवता येत नाही. ग्राफिक्स कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीने यातून वाट काढण्याचा दीर्घ प्रयत्न केला, कोड तयार केला, कायदेतज्ज्ञांबरोबर बसून काय उघड करता येईल याची छाननी केली आणि फोरमपुढे प्रस्ताव ठेवला. २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीच्या अभियंत्यांनी जाहीरपणे सांगितले की फोरमने तो प्रस्ताव नाकारला. ज्या कार्डात २.१ चे हार्डवेअर होते, ज्याची रॉयल्टी भरली गेली होती आणि ज्याचा ग्राहकाने पूर्ण मोबदला दिला होता, त्या कार्डाची क्षमता मुक्त ड्रायव्हर वापरणाऱ्याला मिळू शकली नाही. मला हे सरळसरळ अन्यायाचे वाटते.

याचा पडद्यावर होणारा परिणाम आकड्यांत मांडता येतो. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात. टीव्हीच्या ठरलेल्या टायमिंगमध्ये चित्राभोवतीची रिकामी जागा धरून ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे झाले, तर बिंदूंचा वेग ५९४ मेगाहर्ट्झ होतो. प्रत्येक बिंदूला २४ बिट धरले की ही माहिती सुमारे १४.२६ गिगाबिट प्रतिसेकंद भरते. एचडीएमआय २.० चा एकूण वेग १८ गिगाबिट आहे आणि त्यातला पाचवा भाग संकेतनात, म्हणजे माहिती केबलवर सुरक्षित नेण्यासाठी घातलेल्या जादा बिटांत, जातो, म्हणजे हाती उरतात १४.४. साठ हर्ट्झ जेमतेम बसतात, १२० बसत नाहीत. २.१ मध्ये हा वेग ४८ गिगाबिट आहे, तिथे १२० हर्ट्झ आरामात बसतात. पण फोरमच्या त्या नकारामुळे मुक्त ड्रायव्हरला तिथपर्यंत जाण्याची परवानगी मिळाली नाही.

मग ड्रायव्हर २.० च्या मर्यादेत राहून १२० हर्ट्झ देतो, पण रंगांची माहिती कमी करून. या पद्धतीत प्रत्येक बिंदूचा उजेड स्वतंत्रपणे जातो आणि रंग मात्र चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एकच जातो. चित्रपट पाहताना हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण चित्रपट बहुधा याच रूपात साठवलेले असतात. परंतु टीव्हीवर टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे पाहिली, की दोष लगेच दिसतो. एक बिंदू जाडीची उभी रेघ शेजारच्या बिंदूवर पसरते, लाल रंग मळकट होतो आणि बारीक अक्षराच्या पोटातली पोकळी भरून आल्यासारखी वाटते. त्याच टीव्हीवर ६० हर्ट्झ निवडले की अक्षरे पुन्हा धारदार होतात. म्हणजे गती हवी की वाचता येणारी अक्षरे हवीत, हा निर्णय वापरणाऱ्याच्या माथी येतो आणि तोही हार्डवेअरमध्ये कसलीही उणीव नसताना.

इतर कंपन्यांनी यावर आपापल्या वाटा शोधल्या. एनव्हिडिया आपल्या बंद फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डातच चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आत हे काम उरकते. इंटेलच्या आर्क मालिकेतल्या पहिल्या पिढीच्या काही कार्डांवर आतला संकेत डिस्प्लेपोर्टचा असतो आणि कार्डावरची वेगळी चिप त्याचे एचडीएमआय २.१ मध्ये रूपांतर करते. दोन्ही उपाय चालतात, पण दोहोंचा अर्थ एकच की बंद मानकापाशी पोचायचे तर मध्ये काहीतरी बंद ठेवावेच लागते. मुक्त ड्रायव्हर वापरणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी उरतो तो डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय २.१ देणारा अडॅप्टर. त्याने अक्षरे स्वच्छ ठेवून १२० हर्ट्झ मिळू शकतात, पण खेळांसाठी लागणारा बदलता रीफ्रेश दर त्यातून नेहमी नीट पोचतोच असे नाही, आणि काही अडॅप्टरांचे फर्मवेअर इतके कच्चे असते की संगणक झोपेतून उठल्यावर चित्र येण्यासाठी अडॅप्टर काढून पुन्हा लावावा लागतो.

आता डिस्प्लेपोर्टच्या खुलेपणाचीही तितकीच कडक तपासणी व्हायला हवी, कारण त्याबद्दल बरेचदा भाबडेपणाने लिहिले जाते. त्याची ताजी स्पेसिफिकेशन सर्वांसाठी उघड नाहीत, ती व्हेसाच्या सदस्यांना मिळतात आणि सदस्यत्वाला शुल्क आहे. व्हेसा या मानकाला रॉयल्टीमुक्त म्हणते. तरी २०१५ मध्ये एमपीईजी एलए या संस्थेने डिस्प्लेपोर्टशी संबंधित पेटंटांचा संच करून नगामागे २० सेंटांचा परवाना जाहीर केला होता, आणि त्या पेटंटधारकांत सोनी व फिलिप्स ही नावे होती. तेव्हा ‘पूर्णपणे मुक्त’ हे विशेषण इथे लागू होत नाही. पण मुक्तस्रोत ड्रायव्हर लिहू देण्याची जी कसोटी माझ्या लेखी निर्णायक आहे, तिच्यावर डिस्प्लेपोर्ट उतरते. एएमडी आणि इंटेल यांचे डिस्प्लेपोर्टचे ड्रायव्हर कर्नलमध्ये उघडपणे लिहिले जातात, त्यांतल्या चुका कोणीही दाखवू शकतो आणि दुरुस्तही करू शकतो. पिन २० सारखे दोष असूनही माझा कौल याच बाजूला जातो तो यामुळे.

कनेक्टर आपल्यापुरता ठेवला तर त्याचे काय होते आणि इतरांना दिला तर काय होते, याची दोन उदाहरणे ॲपलच्याच इतिहासात आहेत. २००० मध्ये कंपनीने चित्र, यूएसबी आणि वीज एकाच केबलमधून नेणारा आपला कनेक्टर आणला. कल्पना उत्तम होती, पण इतरांचे संगणक त्या मॉनिटरला जोडायचे तर वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यासह येणारा जाडजूड अडॅप्टर लागे, आणि २००४ मध्ये कंपनीच्याच नव्या मॉनिटरांनी तो कनेक्टर सोडला. २००८ मध्ये आणलेल्या मिनी डिस्प्लेपोर्टबाबत धोरण उलट होते. त्याचा परवाना विनामूल्य ठेवला गेला, परवानाधारकाने ॲपलवर पेटंटचा दावा लावला तर तो रद्द होईल एवढी अट घालून. व्हेसाने तो आकार स्वीकारला, अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांवर तो दिसला आणि २०११ मध्ये थंडरबोल्ट ही माहिती आणि चित्र एकत्र नेणारी वेगवान जोडणीही त्याच आकारातून आली.

वेगाच्या बाबतीत दोन्ही घराणी एकमेकांना मागे टाकत आली आहेत. डिस्प्लेपोर्ट १.४ चा एकूण वेग ३२.४ गिगाबिट आणि उपयोगी वेग २५.९२ आहे, रिकामी जागा कमी ठेवणाऱ्या टायमिंगने त्यात २४ बिटांचे ४के १२० हर्ट्झ अगदी काठोकाठ बसते. २०१९ च्या २.० आवृत्तीने ही मर्यादा ८० गिगाबिटांवर नेली, तर २०२५ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.२ ने ९६ वर. रोजच्या वापराला या शिखरांचे महत्त्व फारसे नाही.

महत्त्व आहे ते खोक्यावर काय छापले आहे याला, आणि इथे दोन्ही संस्थांवर माझा रोष आहे. एचडीएमआयच्या परवाना संस्थेने २०२१ च्या अखेरीस स्पष्ट केले की २.० ही वेगळी आवृत्ती आता उरलेली नाही, ती २.१ मध्ये सामावली गेली आहे आणि २.१ ची नवी वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत. परिणामी १८ गिगाबिटांपुढे न जाणारा पडदाही ‘एचडीएमआय २.१’ म्हणून विकता येतो. डिस्प्लेपोर्ट २.१ लिहिलेल्या यंत्रांतही ४०, ५४ किंवा ८० गिगाबिट असे वेगवेगळे वेग असू शकतात. दोन्ही बाबतींत आवृत्तीचा आकडा ग्राहकाला काहीच सांगत नाही. पोर्टचा प्रत्यक्ष वेग विचारून घ्यावा लागतो.

केबलांच्या नावांबाबत मात्र परिस्थिती बरी आहे. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ एचडीएमआय केबलच्या वेष्टनावर क्यूआर कोड असलेले लेबल असते आणि ते अधिकृत ॲपने तपासता येते. केंद्रीकृत कारभाराचा हा लाभ मनापासून मान्य करायला हवा. व्हेसाची डीपी४०, डीपी५४ आणि डीपी८० ही नावेही सुटसुटीत आहेत, कारण त्यांत वेगच लिहिलेला आहे; पण बाजारात प्रमाणित नसलेल्या डिस्प्लेपोर्ट केबलांचे प्रमाण अजूनही त्रासदायक आहे. शिवाय डीपी८० च्या साध्या तांब्याच्या केबल आखूड असतात, कारण इतक्या वेगाला संकेत लवकर क्षीण होतो. संगणक टेबलाखाली आणि मॉनिटर टेबलावर असेल तर ही लांबी मोजूनच केबल घ्यावी. अधिक अंतरासाठी आत चिप असलेल्या डीपी८०एलएल केबलांची सोय व्हेसाने २०२५ मध्ये जाहीर केली आहे.

एचडीएमआयच्या जमेच्या बाजूही नेमक्या सांगितल्या पाहिजेत. टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट दिशेने ध्वनिवर्धकाकडे नेणे आणि एका रिमोटने जोडलेली सारी उपकरणे हाताळणे या सोयी डिस्प्लेपोर्टला कधी जमल्या नाहीत. दिवाणखान्यात एचडीएमआयचे राज्य आहे आणि टीव्हीवर डिस्प्लेपोर्ट सॉकेट जवळपास सापडतच नाही. उलट, एका पोर्टमधून एकापाठोपाठ एक असे अनेक मॉनिटर जोडण्याची २०१० पासूनची सोय डिस्प्लेपोर्टकडेच आहे. एचडीसीपी दोन्हीकडे असते. त्याच्या पहिल्या पिढीची मुख्य किल्ली २०१० मध्येच उघड झाली, तरी परवाने आणि अडथळे आजही कायम आहेत आणि त्यांचा त्रास रीतसर पैसे देऊन चित्रपट पाहणाऱ्यालाच होतो.

यूएसबी-सीवरची लढत तर निकाली निघाल्यासारखीच आहे. डिस्प्लेपोर्टने २०१४ मध्ये या कनेक्टरमधून जाण्याची पद्धत दिली आणि ती लॅपटॉपांवर सर्वत्र पसरली. एचडीएमआयने २०१६ मध्ये जाहीर केलेली तशीच पद्धत उत्पादनांत जवळपास उतरलीच नाही. म्हणून यूएसबी-सी ते एचडीएमआय अशा केबलच्या प्लगमध्ये डिस्प्लेपोर्टचा संकेत बदलणारी चिप असते आणि ती केबल एकाच दिशेने चालते. चार्जरबरोबर आलेली यूएसबी-सी केबल मॉनिटरला लावून चित्र न दिसल्यास दोष मॉनिटरला देऊ नये. अशा अनेक केबलांत चित्र वाहून नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात.

संगणक आणि मॉनिटर यांच्यामध्ये मी डिस्प्लेपोर्टचीच शिफारस करतो. १.४ च्या पोर्टसाठी डीपी८के किंवा डीपी४० असे प्रमाणित लेबल असलेली दोन मीटरपर्यंतची केबल पुरेशी आहे, आणि ती घरी आल्यावर २० व्या पिनेची मल्टिमीटरने एकदा खात्री करून घ्यावी. टीव्हीसाठी क्यूआर लेबल असलेली ‘अल्ट्रा हाय स्पीड’ एचडीएमआय केबल घ्यावी आणि आवृत्तीच्या आकड्यावर विसंबून अधिक पैसे मोजू नयेत. टीव्हीला जोडायच्या संगणकावर लिनक्सचे मुक्त ड्रायव्हर असतील आणि १२० हर्ट्झ हवेच असतील, तर कार्ड विकत घेण्याआधी त्या कार्डावर ते रंग न कापता मिळतात का, हे ते कार्ड वापरणाऱ्यांकडून विचारून घ्यावे. आणि नवा टीव्ही निवडताना, किमान एक डिस्प्लेपोर्ट किंवा चित्र स्वीकारणारे यूएसबी-सी पोर्ट असलेला मोठा मॉनिटर त्याच आकारात मिळत असेल, तर त्याचाही विचार अवश्य करावा.